माप कोणाच्या हाताचें?

आपल्याकडे पूर्वीं कापड हातानें मोजीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतचें अंतर तो एक हात. आणि हात कोणाचा धरावयाचा, दुकानदाराचा कीं गिऱ्हाइकाचा, यावर वाद व्हावयाचेच. वीत, मूठ, बोट, पाऊल हीं सारींच मापें माणसाच्या अंगावरून घेतलेलीं. पुढें गज आला, गजानंतर मीटर आला, आणि माप हें कोणा एकाच्या अंगाचें नसतें, तें सर्वांस सारखें असतें, अशी आपली खात्री झाली. इंजिनियर हा या खात्रीचा सर्वांत मोठा कैवारी. पूल बांधणाराची जात, गांव, गोत्र विचारीत नाहीं, त्याची आंकडेमोड तेवढी पाहतो, असें इंजिनियरिंगचे विद्यार्थी मोठ्या अभिमानानें सांगतात. आणि तो अभिमान अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, अंगावरून घेतलेलें माप या विद्येंतून अद्यापि गेलेलें नाहीं. अपंग विद्यार्थी वर्गांत येऊन बसला म्हणजे तें एकाएकीं दिसूं लागतें, आणि त्या वेळीं त्याचे सहाध्यायी व अध्यापक कसे वागतात, याला बराच जुना इतिहास आहे. त्यांतील कांहीं प्रकरणें येथें सांगावयाचीं आहेत. ('अपंग' हा शब्द आम्हीं जुन्या वळणानें वापरीत आहों. अलीकडे सरकारी कागदांत 'दिव्यांग' शब्द रूढ झाला आहे. पुष्कळ अपंग बंधुभगिनींना तो रुचलेला नाहीं, आणि शब्द बदलल्यानें जिन्याच्या पायऱ्या कमी होत नाहींत हें तर उघडच आहे.)

इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांत अपंग सोबत्याविषयीं माया नसते असें म्हणणें अन्यायाचें होईल. चाकांच्या खुर्चीवरील मित्राला खुर्चीसकट उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंग हॉलपर्यंत नेणारीं मुलें पुष्कळ कॉलेजांत सांपडतील, आणि हें काम तीं हंसतमुखानें करितात. परंतु त्याच मित्राला, किंवा वाचतांना ज्याची अक्षरें उलटीसुलटी होतात अशा दुसऱ्या एखाद्याला, परीक्षेंत एक तास अधिक मिळाला कीं तींच मुलें कुजबुजूं लागतात. एवढा वेळ मिळाला असता तर आम्हीही वर आलों असतों. उद्यां कारखान्यांत याला कोण अधिक वेळ देणार आहे. असे उद्गार निघतात. या दोन वर्तनांत विसंगति दिसते खरी, पण ती वरवरची आहे. खुर्ची उचलण्यांत उचलणाराची योग्यता वाढते. तास देण्यांत यादींतला त्याचा नंबर खालीं जाण्याचा संभव असतो. दया देणाराच्या मर्जीची असते. हक्क हा गणितांत धरावा लागतो, आणि अडचण तेथेंच येते.

ज्या काळीं इंजिनियर होण्यास परीक्षाच नव्हती, त्या काळाकडे प्रथम पाहूं. इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील नेअर्सबरो गांवीं १७१७ सालीं जन्मलेला जॉन मेटकाफ सहा वर्षांचा असतांना देवीच्या आजारानें आंधळा झाला. हाच गृहस्थ पुढें रस्ते बांधण्याचीं कंत्राटें घेऊं लागला, आणि १७६५ पासून पुढच्या काळांत त्यानें सुमारें १८० मैलांचे रस्ते तयार केले. हातांत लांब काठी घेऊन तो जमीन स्वतः तुडवीत जाई. पायाखालची माती कशी दबते यावरून रस्त्याचा पाया ठरवी. दलदलीच्या जागीं माळावरच्या झुडपांच्या जुड्या बांधून त्यांच्या थरावर त्यानें रस्ता नेला, आणि तो टिकला. कंत्राट देणारांना रस्ता हवा होता. तो डोळ्यांनीं पाहून केला कीं पायांनीं चाचपून केला, याची चौकशी करण्याचें त्यांस कारण नव्हतें.

त्याहून बोधक कथा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची आहे. हा पूल वॉशिंग्टन रोब्लिंग यानें बांधला असें सर्वत्र वाचावयास मिळतें, आणि तें बरोबर आहे. परंतु पुलाचे पाये घालण्यासाठीं नदीच्या तळाशीं दाबलेल्या हवेच्या कोठ्यांत काम करावें लागे. त्या दाबानें जडणारा रोग रोब्लिंगला झाला, आणि १८७२ पासून तो कामाच्या जागीं जाण्यास असमर्थ झाला. मोठा आवाज सोसेना, फार बोलवेना, लिहिण्यावाचण्याचाही त्रास होई. ब्रुकलिनमधील आपल्या घराच्या खिडकींतून दुर्बिणीनें तो काम पाही. त्याची पत्नी एमिली हिनें गणित, पदार्थांची बळकटी, लोंबत्या दोरखंडाची वक्ररेषा हे विषय आत्मसात् केले. ती नवऱ्याचे हुकूम उतरवून घेई, कामावर जाऊन मुकादमांस व इंजिनियरांस समजावून देई, आणि त्यांचे प्रश्न घेऊन परत येई. १८८२ सालीं विश्वस्तांपैकीं कांहींनीं या आजारी माणसास मुख्य इंजिनियराच्या जागेवरून काढण्याची खटपट केली. मतें पडलीं आणि खटपट फसली. २४ मे १८८३ रोजीं पूल खुला झाला. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर रोब्लिंगला लेखनिक मिळाला, वाचक मिळाला, आणि घरीं बसून काम करण्याची मुभा मिळाली; तीही एका पेपरापुरती नव्हे, अकरा वर्षें. त्यामुळें पूल कच्चा राहिला असें कोणी म्हटलेलें आमच्या वाचनांत नाहीं. मात्र या सोयीचा सारा भार एका स्त्रीनें विनामोबदला वाहिला हेंही विसरतां येत नाहीं. तिच्या नांवाची पाटी पुलावर लागली ती १९५१ सालीं.

तिसरा पुरुष चार्ल्स स्टाइनमेट्झ. विजेच्या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचें गणित काल्पनिक संख्यांच्या साहाय्यानें सोपें करण्याची जी रीति आज विजेच्या शाखेंतला प्रत्येक विद्यार्थी शिकतो, ती यानें रूढ केली. १८८९ सालीं तो युरोपांतून न्यूयॉर्क बंदरांत उतरला तेव्हां हा खुजा, कुबड आलेला, खिशांत पैसा नसलेला इसम देशावर भार होईल असें म्हणून अधिकारी त्याला परत पाठविण्याच्या बेतांत होते. बरोबरच्या मित्रानें हमी दिली म्हणून तो आंत आला. १९०१ सालीं तोच अमेरिकेंतील विद्युत् इंजिनियरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. त्याची रीति पाठ करणाऱ्या मुलांपैकीं किती जणांस ही हकीकत कोणी सांगितलेली असते?

हीं उदाहरणें देऊन असामान्य पुरुषांच्या पराक्रमाचा गौरव करण्याचा आमचा हेतु नाहीं. अशा गोष्टींचा अपंग विद्यार्थ्याला उपयोगापेक्षां उपद्रवच अधिक होतो. स्टाइनमेट्झला जमलें, मग तुला कां नाहीं, असें त्याला विचारतां येतें. आम्हांस दाखवावयाचें आहे तें निराळें. या तिघांचें माप त्यांनीं केलेल्या कामावरून घेतलें गेलें. तें काम त्यांनीं कोणत्या अवयवानें आणि किती वेगानें केलें, हें माप मागाहून आलें; आणि तें परीक्षेबरोबर आलें.

ठराविक वेळांत लेखी उत्तरें लिहून क्रम लावण्याची पद्धति केंब्रिजमध्यें गणिताच्या परीक्षेंत अठराव्या शतकांत वाढीस लागली. याच केंब्रिजमध्यें, ही पद्धति रूढ होण्यापूर्वीं, निकोलस सॉन्डरसन हा लहानपणींच आंधळा झालेला गृहस्थ १७११ पासून १७३९ पर्यंत गणिताचा प्राध्यापक होता, आणि ज्या खुर्चीवर पूर्वीं न्यूटन बसला होता तीवर तो बसला होता. पुढें परीक्षेला शर्यतीचें रूप आलें. १८५७ सालीं मुंबईचें विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर स्थापन झालें, आणि लेखी परीक्षेचा दंडक आपल्या घरीं आला. तीन तासांचा पेपर आतां आपल्याला सूर्योदयाइतका स्वाभाविक वाटतो. परंतु तुळईवरचा भार काढण्यास तीनच तास लागावे असें तुळईच्या शास्त्रांत कोठें सांगितलेलें नाहीं. चांगल्या प्रकृतीचा, भरभर हात चालणारा तरुण मनांत धरून कोणीतरी तो आंकडा ठरविला. कापड मोजणाराच्या हाताहून त्याची जात फार वेगळी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

एकदां हें माप पक्कें झालें म्हणजे त्यांत न बसणाराला आधींच वाट बदलावयास सांगतात. अब्राहम नेमेथ हा १९१८ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मलेला जन्मांध मुलगा. त्याला गणिताची आवड. पण आंधळ्यानें गणित घेणें व्यवहार्य नाहीं असें सांगून सल्लागारांनीं त्याला मानसशास्त्राकडे वळविलें. त्यानें पदवी घेतली, आणि मग पुन्हां गणिताकडेच आला. समीकरणें ब्रेलमध्यें लिहिण्याची नीट सोय नव्हती, ती त्यानें स्वतः तयार केली. ती लिपि १९५२ सालीं प्रसिद्ध झाली व त्याच्याच नांवानें चालते. १९५५ पासून तो डेट्रॉइट येथें गणित शिकवीत होता. आपल्याकडे याच्या जोडीची गोष्ट अलीकडची आहे. आंध्र प्रदेशांतील श्रीकांत बोल्ला या अंध मुलास दहावीनंतर विज्ञान शिकण्याची परवानगी मिळविण्यासाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढें तो अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें शिकला.

या वृत्तीला पहिला मोठा धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनें सोसावा असा कायदा अमेरिकेंत १९४४ सालीं झाला, आणि कॉलेजें शिपाईगड्यांनीं भरून गेलीं. त्यांत पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय निकामी झालेलेही होते. पूर्वींच्या युद्धांत असे जखमी फार दिवस जगत नसत. नव्या औषधांनीं ते जगले, आणि जगल्यावर शिकूं म्हणाले. इलिनॉय विद्यापीठाची एक शाखा गेल्सबर्ग येथें लष्कराच्या मोकळ्या पडलेल्या इस्पितळांत भरत असे. इस्पितळच तें, खुर्ची फिरेल अशीच त्याची बांधणी. तेथें १९४८ सालीं टिमथी नूजंट या पंचवीस वर्षांच्या तरुणानें अपंग विद्यार्थ्यांची व्यवस्था हातीं घेतली. दुसऱ्याच वर्षीं ती शाखा बंद करण्याचें ठरलें. विद्यार्थी चाकांच्या खुर्च्या घेऊन राजधानींत गव्हर्नर ॲडलाय स्टीव्हन्सन यांच्या दाराशीं गेले. दाद लागली नाहीं. मग ते विद्यापीठाच्या मुख्य ठाण्यावर, अर्बाना-शँपेन येथें गेले, आणि पायऱ्यांवर फळ्या टाकून आपण आंत जाऊं शकतों हें त्यांनीं करून दाखविलें. अखेर थोड्यांना केवळ प्रयोग म्हणून घेण्यांत आलें. पैशाची तजवीज बव्हंशीं नूजंटलाच बाहेरून करावी लागली. चाकांच्या खुर्च्यांवरून बास्केटबॉल खेळणारा त्यांचा संघ गांवोगांव सामने करी. लोक कुतूहलानें येत आणि निराळें कांहीं पाहून परत जात.

नूजंट मोठा करडा माणूस होता. आपला विद्यार्थी कोणाच्या मदतीवांचून वावरला पाहिजे, हा त्याचा कटाक्ष; मदतनिसाखेरीज ज्याचा दिनक्रम चालणार नाहीं त्याला आरंभीं तेथें जागा नव्हती. खुर्ची ढकलूं पाहणाऱ्या दयाळू सहाध्याय्यापेक्षां दारापुढचा उतार बरा, हें त्याचें धोरण आम्हांस पूर्णपणें पटतें. परंतु त्यांत एक पीळ आहे. जगाचें माप चुकीचें आहे असें सांगणारा नूजंट आपल्या दाराशीं दुसरें एक माप घेऊन उभा होता, आणि तें बळकट बाहूंचें होतें.

याचा पुरावा कागदावर आहे. इमारती अपंगांना वापरतां याव्या यासाठीं पहिलें अमेरिकन प्रमाण १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. अवघीं सहा पानें. त्यामागचें संशोधन इलिनॉय येथें नूजंटच्या देखरेखीखालीं झालें होतें. दार उघडल्यावर मोकळी जागा निदान ३२ इंच असावी, आणि उतार बारा फुटांत एक फुटाहून अधिक चढूं नये, असे नियम त्यांत आहेत. बारास एक हें प्रमाण तेथून जगभर गेलें. आपल्या देशांतील बांधकामाच्या नियमांतही तेंच आहे, आणि आपले स्थापत्याचे विद्यार्थी आराखड्यांत उतार काढतात तो याच प्रमाणानें. खुर्ची स्वतः रेटणाऱ्या तरुणाला तो चढ झेपतो. साठी उलटलेल्या बाईला किंवा दुबळ्या हातांच्या मुलाला तोच चढ लांबला तर डोंगर होतो. म्हणून नियम टाकाऊ ठरत नाहीं. फळ्यांच्या मानानें ती केवढी मजल होती! तथापि आराखड्यावर १:१२ लिहितांना तो आंकडा आकाशांतून पडलेला नाहीं, कोणाच्या तरी खांद्यांच्या बळावरून निघालेला आहे, हें विद्यार्थ्यास ठाऊक असावें.

नूजंटच्या दाराबाहेर जे राहिले, त्यांच्यासाठीं दुसरें दार १९६२ सालीं कॅलिफोर्नियांत बर्कली येथें उघडलें, तेंही कुरकुरत. एड रॉबर्ट्स हा पोलिओनें मानेखालीं लुळा झालेला तरुण तेथें राज्यशास्त्र शिकावयास आला. श्वास चालावा म्हणून त्याला रात्रीं ८०० पौंड वजनाच्या लोखंडी पेटींत निजावें लागे. ती पेलणारी खोली वसतिगृहांत नव्हती, म्हणून त्याला विद्यापीठाच्या इस्पितळांत ठेवलें. त्याच्यामागून आणखी तसेच आले. सगळीं कामें स्वतः करणें म्हणजे स्वातंत्र्य, ही नूजंटची व्याख्या. कामें कोणीं, केव्हां, कशीं करावयाचीं हें आपण ठरविणें म्हणजे स्वातंत्र्य, ही यांची. त्यांनीं १९७० सालीं विद्यापीठांत आपलें स्वतःचें कार्यालय काढलें, आणि त्यांत आरंभापासून एक सोय होती ती विजेच्या खुर्च्या दुरुस्त करण्याची. कारण खुर्ची बिघडली कीं त्या दिवसाचा वर्ग बुडे.

खुर्च्यांचा विषय निघालाच आहे तर राल्फ हॉचकिस याचें नांव घेतलें पाहिजे. १९६६ सालीं मोटरसायकलच्या अपघातांत त्याचे पाय गेले, आणि तेव्हांपासून तो खुर्च्यांचे नमुने करूं लागला. निकाराग्वा देशांत त्यानें पाहिलें कीं परदेशी खुर्च्या तेथल्या खडकाळ रस्त्यांवर टिकत नाहींत. मग गांवच्या लोहाराला करतां येईल व दुरुस्त करतां येईल अशी खुर्ची त्यानें रचली, आणि तिचें पेटंट घेतलें नाहीं. पुढें सॅन फ्रान्सिस्को येथें तो इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना हेंच काम शिकवूं लागला. वर्गांतल्या मुलांपुढें चाकांच्या खुर्चीवर बसलेला शिक्षक असला म्हणजे खुर्चीवरील सहाध्याय्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टि कशी बदलत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आपल्याकडे कायद्यानें बरीच मजल मारली आहे. १९९५ च्या कायद्यानें सरकारी व सरकारी साहाय्याच्या शिक्षणसंस्थांत अपंगांसाठीं निदान ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्यानें उच्च शिक्षणांत त्या निदान ५ टक्के केल्या, आणि अपंगत्वाचे सात प्रकार होते ते एकवीस केले. वाचनाचे व लेखनाचे जे दोष बाहेरून दिसत नाहींत, तेही त्यांत आले. परीक्षेविषयीं केंद्र सरकारनें २०१३ सालीं ज्या सूचना काढल्या त्यांतील एक आम्हांस फार महत्त्वाची वाटते. 'जादा वेळ' हा शब्द सोडून 'भरपाईचा वेळ' म्हणावें, आणि तो तासाला निदान वीस मिनिटें असावा, असें त्यांत म्हटलें आहे. जादा म्हणजे इतरांहून अधिक. भरपाई म्हणजे जें गेलें तें परत. कुजबुजणाऱ्या विद्यार्थ्यांना हा एक शब्द जरी समजावून दिला तरी पुष्कळ काम होईल.

कुजबुजींत तथ्य मुळींच नाहीं असें मात्र नाहीं. वेग हाही कांहीं कामांत गुण आहे. बॉयलर फुटण्याच्या बेतांत असतां विचारास तास लावणारा इंजिनियर नको. पण तसा वेग तपासावयाचा तर तो त्या कामावर तपासावा. त्रिकोणमितीच्या उत्तरपत्रिकेवरून तो कळतो हें आम्हांस पटत नाहीं. दुसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. दाखले खोटे निघतात हें खरें आहे. येथें पुन्हां ब्रुकलिनच्या पुलाची आठवण होते. १८७८ सालीं असें आढळून आलें कीं दोरखंडासाठीं कंत्राटदार निकृष्ट तार लबाडीनें पुरवीत होता, आणि पुष्कळशी तार दोरखंडांत जाऊनही बसली होती. रोब्लिंगनें भाराच्या सहापट बळ धरून दोरखंड योजले होते, म्हणून धोका टळला. त्यानें प्रत्येक दोरखंडांत सुमारें १५० तारा कंत्राटदाराच्या खर्चानें वाढविल्या आणि तपासणी कडक केली. लबाडी सांपडली म्हणून पूल बांधणें कांहीं त्यानें सोडलें नाहीं.

न्यायालयांनाही या प्रश्नांत पडावें लागलें आहे. अक्षर काढतांना हात आखडणाऱ्या एका उमेदवारास लेखनिक नाकारला होता. कारण त्याचें अपंगत्व ठराविक टक्क्यांत बसत नव्हतें. फेब्रुवारी २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसलेल्या एका मुलीला केंद्रावरच्या लोकांनीं तिचा भरपाईचा तास दिला नाहीं, तिच्या हातून उत्तरपत्रिका काढून घेतली. तिचा हक्क होता आणि तिच्यावर अन्याय झाला, असें न्यायालयानें नोव्हेंबरांत स्पष्ट सांगितलें. परीक्षा मात्र पुन्हां घेतां येणार नव्हती.

ही मुलगी निदान न्यायालयापर्यंत गेली. इंजिनियरिंगच्या वर्गांत दुसरे कांहीं असे असतात कीं ज्यांचा दाखला घरीं कपाटांत असतो आणि ते तो बाहेर काढीत नाहींत. एक तास अधिक घेऊन मिळालेल्या गुणांना सोबती काय म्हणतील, हें त्यांनीं पहिल्या वर्षींच ऐकलेलें असतें. ते सर्वांबरोबर तीन तासांत उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडतात, शेवटचे दोन प्रश्न येत असूनही कोरे राहिलेले असतात, आणि यादींत त्यांचें नांव खालीं कां गेलें हें शेजारच्या बाकावर बसणारालाही कळत नाहीं.